कोयरीच्या गावातला दोरा : पेस्लीची क्लार्क आणि कोट्स घराणी

धावदोरा

आईचा शिवणाचा डबा गेल्या महिन्यात माझ्याकडे आला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. वर हुक, काजाची कात्री, रंग उडालेली बटणं, आणि तळाशी दोन लाकडी रिळं. एक रिकामं, दुसऱ्यावर थोडा पांढरा दोरा शिल्लक. रिळाच्या टोकाला गोल कागद चिकटवलेला, त्यावर साखळीचं चित्र आणि 'जे. अँड पी. कोट्स' हे नाव.

मी पंचवीस वर्षं भरतकाम शिकवते. अँकर या नावाच्या भरतदोऱ्याच्या लडी रोज हातात असतात. पण अँकरचा नांगर ही क्लार्कांची आणि या रिळावरची साखळी ही कोट्सची, अशा या एकाच गावातल्या दोन घराण्यांच्या खुणा आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून मिळेल ते वाचत सुटले. जे हाती लागलं ते इथे मांडते. सूत आणि गिरण्या जवळून पाहिलेली मंडळी इथे आहेत, त्यांनी खाली प्रतिसादांत भर घालावी.

गावाचं नाव पेस्ली. स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोच्या पश्चिमेला, व्हाइट कार्ट नदीच्या काठी. आपण जिला कोयरी म्हणतो तिला इंग्रजीत पेस्ली म्हणतात ते याच गावावरून. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काश्मिरी शाली इंग्लंडला पोचल्या आणि श्रीमंत बायकांना त्यांचं वेड लागलं. किंमत मात्र सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची. मग एडिंबरा, नॉरिच आणि पुढे १८०५च्या सुमारास पेस्लीच्या विणकरांनी तशाच शाली मागावर काढायला सुरुवात केली. पेस्लीच्या शाली स्वस्त होत्या, इतक्या खपल्या की नक्षी काश्मीरची आणि नाव पेस्लीचं असं होऊन बसलं. माझ्या विद्यार्थिनी वहीत 'पेस्ली डिझाइन' लिहितात तेव्हा मी ते खोडून 'कोयरी' लिहायला लावते. यापुढेही लावेन.

दोरा या गावाला त्याआधीपासून माहीत होता, आणि त्याची सुरुवात फार विचित्र आहे. १६९६ साली जवळच्या बारगॅरन इथल्या जमीनदाराची अकरा वर्षांची मुलगी, ख्रिश्चन शॉ, हिला झटके येऊ लागले. आपल्यावर चेटूक केलं असं तिने सांगितलं. १६९७ मध्ये सात जणांना दोषी ठरवलं गेलं आणि पेस्लीत लोकांना फाशी देऊन जाळलं. हीच मुलगी मोठेपणी अळशीच्या सुताचा बारीक पांढरा दोरा काढू लागली. पीळ देण्याची यंत्रं हॉलंडहून आली आणि 'बारगॅरन दोरा' नावाजला गेला. त्या माणसांच्या राखेवरून चालत आल्याशिवाय या गावातल्या दोऱ्यापर्यंत पोचता येत नाही, म्हणून हे सांगितलं.

आता क्लार्क. शालीच्या मागावर ताण्याचे धागे वर-खाली करायला दोऱ्याचे फासे लागतात. हे फासे रेशमाचे असत, कारण सतत घासूनही ते तुटत नसत. ते रेशीम हँबुर्गहून येई. १८०६ च्या नोव्हेंबरमध्ये नेपोलियनने ब्रिटनशी व्यापार बंद करण्याचा हुकूम काढला आणि रेशीम अडलं. जेम्स आणि पॅट्रिक क्लार्क हे भाऊ मागाचं सामान पुरवत. पॅट्रिकने कापसाचं सूत अशा रीतीने पिळलं की ते रेशमासारखं गुळगुळीत आणि टिकाऊ झालं. फाशांची अडचण सुटली. मग लक्षात आलं, फाशाला चालतो तो सुईलाही चालेल! तोवर शिवण अळशीच्या नाही तर रेशमाच्या दोऱ्याने होई. १८१२ मध्ये सीडहिल इथे क्लार्कांचा कारखाना सुरू झाला.

दोरा तेव्हा लडीने विकला जाई आणि घरी नेऊन गुंडाळावा लागे. क्लार्कांनी तो लाकडी रिळावर गुंडाळून द्यायला सुरुवात केली. रिळाचा अर्धा पेनी वेगळा. रिकामं रीळ परत आणलं की तो अर्धा पेनी परत. आईच्या डब्यातलं रिकामं रीळ हातात घेऊन मी हे वाचलं तेव्हा क्षणभर थांबले.

दुसरं घराणं कोट्स. जेम्स कोट्स, जन्म १७७४, मुळात विणकर. चीनच्या धर्तीच्या क्रेपच्या शाली तो विणवून घेई. क्रेपचा सगळा जीव पिळात असतो, त्यामुळे पिळाची विद्या त्याला तिथेच आली. १८२६ मध्ये त्याने गावाच्या पश्चिमेला फर्गस्ली इथे छोटी दोऱ्याची गिरणी बांधली. १८३० मध्ये ती जेम्स आणि पीटर या मुलांच्या हाती दिली, म्हणून 'जे. अँड पी.'. त्यांचा भाऊ थॉमस नंतर आला, त्याने गिरणी आणि यंत्रं सांभाळली. आणखी एक भाऊ अँड्र्यू अमेरिकेला जाऊन विक्री पाहू लागला.

१८५० नंतर शिवणयंत्र घरोघरी जाऊ लागलं आणि दोन्ही घराण्यांचं नशीब पालटलं. क्लार्कांनी अमेरिकेत 'अवर न्यू थ्रेड', म्हणजे 'ओ. एन. टी.', या नावाने यंत्राला चालेल असा दोरा आणला आणि न्यू जर्सीत गिरण्या उभ्या केल्या. अमेरिकेने आयात जकात चढवल्यावर कोट्सही ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला उत्पादन करू लागले. आधी गावात समोरासमोर, मग समुद्रापलीकडे समोरासमोर! शेवटी १८८९ मध्ये विक्रीसाठी दोघांनी मिळून 'सेंट्रल एजन्सी' काढली, १८९० मध्ये कोट्सचे शेअर बाजारात आले आणि १८९६ मध्ये क्लार्क, मेल्टमचे जोनास ब्रुक आणि बोल्टनजवळचे चॅडविक हे सगळे कोट्समध्ये सामील झाले. नांगर आणि साखळी एका घरात आली. अर्थव्यवहाराच्या इतिहासकारांनी १९१२ सालच्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांची बाजारमूल्यानुसार यादी केली आहे. त्यात अमेरिकेची पोलाद कंपनी पहिली, स्टँडर्ड ऑइल दुसरी आणि दोरा करणारी कोट्स तिसरी. पोलाद, तेल, आणि मग शिवणाचा दोरा.

चातीवरचा

धावदोराताई, लेख फार आवडला. मी आयुष्यभर सूतगिरणीत काढलं, शेवटची बारा वर्षं दुहेरी पिळाच्या खात्यात. यंत्राला वेगळा दोरा का लागतो, एवढं सांगतो.

हाताने शिवताना दोरा सुईच्या नाकातून एकदा ओवला की झालं. यंत्रात तसं नसतं. दोऱ्याचा प्रत्येक तुकडा टाक्यात बसण्याआधी नाकातून कित्येक वेळा पुढेमागे घासला जातो, शिवाय प्रत्येक टाक्याला झटका बसतो. साधा तीन पदरी दोरा तिथे पिंजला जाई. यंत्राचा दोरा सहा पदरी केला, तो असा: दोन सुतं एकत्र पिळायची, अशा तीन जोड्या पुन्हा एकत्र पिळायच्या. दोरा गोल होतो, कुठेही चपटा राहत नाही आणि नाकातून सरळ सरकतो.

दुसरं, पिळाची दिशा. यंत्राचा हूक फिरताना दोऱ्याला थोडा पीळ देतो किंवा काढतो. शेवटचा पीळ उलट दिशेचा असेल तर शिवता शिवता पदर सुटतात आणि दोरा तुटतो. टेलरकडे नवा मुलगा वाटेल तो दोरा लावतो, पाच मिनिटांनी यंत्राला शिव्या घालतो. दोष यंत्राचा नसतो.

पिळाशिवाय अजूनही पुष्कळ काम असतं. लांब तंतूचा कापूस निवडायचा, पिंजायचा, विंचरून आखूड तंतू काढून टाकायचे. पेळू, मग सूत, मग पदर. नंतर दोरा ज्योतीवरून वेगाने नेऊन वरची लव जाळायची. मग रंग, मग झिलई, मग रीळ. ताईंच्या रिळावर आकडा असेल पाहा. ४० म्हणजे मध्यम, ६० त्याहून बारीक. आकडा चढला की दोरा बारीक.

अँकरच्या लडीची चमक मात्र झिलईची नाही. लँकेशरच्या जॉन मर्सरला १८४४ मध्ये दिसलं की कॉस्टिक सोड्यात बुडवलं की सूत फुगतं, बळकट होतं आणि रंग चांगला धरतं. पण ते आक्रसतंही. होरेस लो याने १८९०च्या सुमारास तेच ताणून धरून केलं आणि रेशमासारखी चमक आली. मर्सराइज म्हणतात ते हेच.

कार्टकाठची

मी ग्लासगोत राहते, पेस्ली आगगाडीने दहा-बारा मिनिटांवर. क्लार्कांच्या अँकर गिरणीच्या जागेवर कितीतरी वेळा गेले आहे. १८८६ची लाल विटांची एक इमारत अजून उभी आहे, आत आता सदनिका आहेत. तिच्या पायाशी व्हाइट कार्टचा बांध आहे, पावसाळ्यात पाण्याचा आवाज पुलापर्यंत येतो. फर्गस्लीला मात्र पाहायला फार थोडं शिल्लक आहे. तिथली १८८०च्या दशकातली भव्य सूतगिरणी संरक्षित यादीत असूनही १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पाडली. इथली म्हातारी माणसं अजून त्याबद्दल चिडून बोलतात.

ताईंनी शालींचा उल्लेख केलाय म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. शालीत रंगीत धाग्यांच्या जोडीला एक बारीक सुती धागा प्रत्येक फेऱ्यात टाकावा लागे. तो दिसत नाही, पण सगळी नक्षी त्याने बांधून धरलेली असते. त्याला इथल्या बोलीत 'स्मा शॉट' म्हणतात, म्हणजे लहान फेक. माल विणवून घेणारे व्यापारी म्हणत, दिसत नाही त्याचे पैसे कसले? विणकरांना तो धागा स्वतःच्या खर्चाने घालावा लागे आणि त्या फेऱ्यांची मजुरीही मिळत नसे. न घालावा तर शाल सुटते आणि मग काहीच मिळत नाही. वर्षानुवर्षं भांडून १८५६ मध्ये विणकर जिंकले. जुलैचा पहिला शनिवार हा त्या विजयाचा दिवस. चार्ल्स्टन भागातला जुना नगारा वाजवत मिरवणूक निघते आणि व्यापाऱ्याचा पुतळा जाळतात. व्यापाऱ्याला विणकर 'कॉर्क' म्हणत. बंद पडलेली ही प्रथा १९८०च्या दशकात गावाने पुन्हा सुरू केली. मी मुलांना घेऊन गेले होते. धाकट्याने विचारलं, 'आई, होळी आहे का?'

आणखी एक. गावात वेधशाळा आहे, १८८३ची, थॉमस कोट्सच्या पैशाने बांधलेली. संग्रहालय आणि ग्रंथालय पीटरचं, १८७१चं. नगरसभागृह १८८२चं, जॉर्ज क्लार्कने ठेवलेल्या पैशातून. थॉमस कोट्सच्या स्मरणार्थ १८९४ मध्ये बांधलेलं चर्च तर एखाद्या राजधानीत शोभेल.

करीरोडकर

कार्टकाठची यांचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. नाही तर घराण्यांच्या इतिहासात गिरणी आपोआप चालत असते.

पेस्लीत भरात असताना सुमारे दहा हजार माणसं या गिरण्यांत होती आणि त्यात बहुसंख्य मुली आणि बायका. ही वेधशाळा, हे ग्रंथालय त्यांच्या मजुरीतूनच उभं राहिलं. फर्गस्लीला कंपनीने १८८७ मध्ये शाळा बांधली, तिचं नावच 'अर्धवेळ शाळा'. मुलं अर्धा दिवस गिरणीत, अर्धा दिवस वर्गात. आधी चात्या, मग पाढे. सुंदर इमारत होती म्हणतात. असेल. पण त्या बाकावर बसलेल्या पोराच्या डोळ्यांवर झोप किती असेल, याचा विचार करा. १९०७ मध्ये याच फर्गस्लीच्या मुली संपावर गेल्या.

सेंट्रल एजन्सीलाही ताईंनी जरा हळुवार हाताळलंय. दोन मोठे मिळून एका ठिकाणाहून विकू लागले की किंमत त्यांच्या हातात जाते. शिवणाचा दोरा न घेऊन भागत नाही. गरीब बाई साखर कमी घेईल, दोरा कमी घेऊन चालणार नाही. नफा प्रचंड झाला तो दोरा उत्तम होता म्हणूनही आणि दुसरीकडे जाता येत नव्हतं म्हणूनही.

माझे आजोबा परळला गिरणीत जॉबर होते. त्यामुळे भोंग्याच्या बाजूने बघायची सवय आहे.

धावदोरा

चातीवरचा काका, रिळावर ४० आहे आणि '२०० यार्ड'. भिंगाखाली दोरा उकलून पाहिला. तीन जोड्या, प्रत्येकीत दोन! इतकी वर्षं सुईत ओवत आले, उकलून कधी पाहिलं नव्हतं.

करीरोडकर, तुमचं म्हणणं मान्य आहे. मी लिहिताना गिरणीच्या बाहेरच राहिले. तरी दानाबद्दल एक सांगते. थॉमसचा मुलगा जेम्स, याने उत्तरेच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर शाळांना पुस्तकांची कपाटं पाठवली, हजारो ठिकाणी, आणि सोबत वाचणाऱ्यांना चष्मेही. स्वतःचं नाव पुढे केलं नाही. मजुरीचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे खरंच. पण एखाद्या बेटावर दिव्याखाली पहिल्यांदा अक्षर नीट दिसलेल्या म्हातारीला त्या चष्म्याचं मोल होतं, आणि तेही मला सोडवत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

नकाशेवेडा

थॉमसच्या याच मुलाने, जेम्सने, आणि त्याच्या भावाने, अँड्र्यूने (हा अमेरिकेला गेलेला अँड्र्यू नव्हे), विल्यम ब्रूसच्या १९०२ ते १९०४ च्या अंटार्क्टिक मोहिमेला पैसे दिले. म्हणून अंटार्क्टिकाच्या नकाशावर वेडेल समुद्राच्या पूर्वेला 'कोट्स लँड' आहे.

क्लार्कांच्या अमेरिकी गिरणीतल्या कामगारांचा फुटबॉल संघही होता, नाव 'ओ. एन. टी.'. अमेरिकन कप स्पर्धा १८८५ मध्ये सुरू झाली आणि पहिली तीन वर्षं सलग यांनीच जिंकली. स्कॉटलंडहून कामाला गेलेल्या पोरांनी खेळ सोबत नेला.

वैगईकाठ

भारतातल्या भागाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वडिलांच्या बँकेच्या नोकरीमुळे शाळेची सहा वर्षं मदुराईत गेली. तिथे 'मदुरा कोट्स' हे नाव घराघरांत. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील, काका कोणी ना कोणी तिथे.

पण मुळात ही कोट्सची गिरणी नव्हे. अँड्र्यू आणि फ्रँक हार्वी या स्कॉटिश भावांनी १८८५ मध्ये पापनाशम इथे ताम्रपर्णीच्या पाण्याच्या जोरावर पहिली गिरणी काढली, मग तुतिकोरिनला कोरल मिल, मग मदुराईला मदुरा मिल्स. कोट्सने स्वातंत्र्यानंतर केरळात कोरट्टीला दोऱ्याचा कारखाना काढला. १९७४ मध्ये कोट्सचा इथला धंदा आणि मदुरा मिल्स एकत्र होऊन 'मदुरा कोट्स' झाली. लुई फिलिप, व्हॅन ह्यूझन, ॲलन सॉली हे शर्ट पुढे याच कंपनीच्या कपडे विभागातून आले. तो विभाग शतक संपता संपता बिर्ला समूहाने घेतला. लग्नाला घेतलेल्या शर्टाच्या कॉलरमागे पेस्लीचं घराणं असेल असं कुणाला वाटेल?

करीरोडकर

वैगईकाठ, कोरल मिलचं नाव काढलंत, मग पुढचं मी सांगतो. १९०८ च्या फेब्रुवारीअखेर कोरल मिलच्या कामगारांनी संप केला. नेते व. उ. चिदंबरम पिळ्ळै, टिळकांना मानणारे. काही दिवसांतच हार्वींना नमावं लागलं, मजुरी वाढली आणि आठवड्याची सुट्टी मिळाली. मार्चमध्ये पिळ्ळै पकडले गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं, वर्षाला एक दिवस. तुतिकोरिन आणि मुंबई, एकाच वर्षी, पाच महिन्यांच्या अंतराने.

आजोबांचा जन्म त्यानंतरचा, पण त्यांच्या वडिलांनी तो जुलै पाहिला होता. आमच्या घरात ती गोष्ट दर गणपतीत सांगितली जाई.

कार्टकाठची

हे माहीत नव्हतं, करीरोडकर. पुढच्या जुलैत मिरवणुकीला गेले की इथल्या मैत्रिणींना नक्की सांगेन.

पेस्लीचा शेवटही लिहून ठेवते. अँकर गिरणीतलं काम १९९३ मध्ये थांबलं, फर्गस्ली त्याआधीच बंद पडली होती. कंपनी संपली नाही. पॅटन्स अँड बाल्डविन्स, मग व्हायेला, अशा दुसऱ्या कंपन्यांशी जोडण्या-तोडण्या झाल्या. आजही कोट्स जगातल्या सर्वांत मोठ्या शिवणदोरा कंपन्यांपैकी एक आहे, कारखाने व्हिएतनाम, बांगलादेश, भारत असे पसरलेले. फक्त जिथे जन्मली त्या गावात आता ती एक वारही दोरा काढत नाही.

सुईचं_नाक

पहिल्यांदाच लिहितेय. आमच्याकडेही आजीची अशी चार रिळं आहेत, दोरा भरपूर आहे. मी शिवण शिकतेय. तो यंत्राला लावला तर चालेल का? की दोऱ्याचा नवा कोन आणू?

चातीवरचा

कोन आण पोरी. कापूस जुना झाला की आतून मरतो, वरून चांगला दिसला तरी. दोन हातांत धरून हळू ताणून बघ, तट्कन तुटला तर यंत्राला अजिबात लावू नको, टाकेही तुटतील आणि तुकडे हुकात अडकतील. जरा ताण घेत असेल तर कच्चा टाका घालायला वापर, तो नंतर उसवायचाच असतो. आजकालच्या कोनावर बहुतेक पॉलिएस्टर असतं, ते बळकट. पण सुती साडीला मात्र सुतीच दोरा शोध. पॉलिएस्टरचा टाका कापडापेक्षा दणकट होतो आणि शिवणीलगत साडीच फाटते.

धावदोरा

काकांनी सांगितल्याप्रमाणे आईच्या रिळावरचा दोरा ताणून पाहिला. तुटला नाही. बहिणीच्या मुलीच्या पोलक्याला आज त्याने कच्चा टाका घातला. नंतर उसवून पुन्हा रिळावर गुंडाळून ठेवेन.